काळ आला नव्हता, तपासणी झाली नव्हती

आज सकाळी आमच्या ग्रुपवर कुणीतरी छोटं विमान उडता उडता कोसळल्याचा जुना व्हिडिओ टाकला. खाली लगेच सुरू. "काळ आला होता." "दोरी तेवढीच होती." हात जोडलेले इमोजी. एकानंही विचारलं नाही, झालं कशानं? तेव्हापासून डोकं तडकलंय.

आमचा मामेभाऊ जतकडच्या रस्त्यावर वडापच्या जीपमधून जाताना गेला, तेव्हाही मांडवात हेच ऐकलं होतं. त्या जीपचं ब्रेक ऑइल गळायचं. स्टँडवर ती उभी असायची तिथं मागच्या चाकाखाली काळा डाग पडलेला असायचा, सगळ्यांनी बघितलेला. तरी मागच्या फळीवर पोरं लटकलेली आणि ड्रायव्हर म्हणतोय, "सरका की आत, बसतंय!"

कारण असतं हो. ८ जानेवारी २००३, अमेरिकेतलं शार्लट. १९ प्रवासी आणि २ वैमानिक घेऊन बीचक्राफ्ट १९००डी निघालं. चाकं जमिनीवरून उचलली आणि नाक वर वरच जायला लागलं, वैमानिकांना ते खाली आणताच येईना. मिनिटाच्या आत विमान तिथल्याच हँगरला, म्हणजे विमानं ठेवायच्या शेडला, धडकलं. २१ च्या २१ गेले.

दोनच दिवस आधी त्याच्या एलिव्हेटरची केबल चुकीची जुळवली होती. एलिव्हेटर म्हणजे शेपटीवरची, नाक वर-खाली करणारी पट्टी. मेकॅनिक या जातीच्या विमानावर ते काम शिकत होता. शिकवणाऱ्यानं काही पायऱ्या गाळू दिल्या, आणि काम तपासणाराही तोच! त्यात वजन. प्रवाशांना काट्यावर उभं करत नाहीत, सरासरी धरतात, आणि ती सरासरी जुनी झालेली. कागदावर सगळं बसत होतं, खरं विमान जादा भरलेलं आणि भार मागं गेलेला.

मधल्या वेळात त्याच विमानानं फेऱ्याही मारल्या होत्या. काही झालं नव्हतं. आमचा वडापवाला पण हेच म्हणायचा, "रोज भरतोय, काय झालंय का आजवर?"

मान्य, पक्षी इंजिनात शिरला, वारा फिरला, तर कुणाच्या हातात नसतं. बास, तेवढंच मान्य.

त्या ड्रायव्हरवर आता माझा तेवढा राग नाही. तोही गेला त्यात. गाडी त्याची नव्हती, फेरी चुकली की रोज बुडायचा, आणि वेळेवर एसटी असती तर भाऊ त्या जीपमध्ये चढलाच नसता. पण मालकाला ठाऊक होतं. गॅरेजवाल्यानं सांगितलं होतं, पाईप बदला. "पुढच्या आठवड्यात बघू," म्हणाला. तो माणूस तेराव्याला येऊन जेवून गेला आणि आमच्या अंगणात उभा राहून म्हणाला, वेळ कुणाला चुकलीय! आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. संताप होतो आठवलं की.

शार्लटला गेलेल्यांच्या घरचे असे गप्प बसले नाहीत. नुसती भरपाई नको, चूक कबूल करा म्हणाले. २००५ मध्ये ते विमान चालवणाऱ्या कंपनीच्या अध्यक्षांना सगळ्यांसमोर माफी मागावी लागली. प्रवाशांच्या वजनाची सरासरीही त्या अपघातानंतर वाढवली गेली.

मामीनं पैशाचं कधी काढलंच नाही. तिचं एकच विचारणं आहे, पाईप गळतेय हे माहीत असताना गाडी काढलीच कशी? मालकाच्या आता दोन जीप आहेत. उत्तर त्यानं अजून दिलेलं नाही.