वहिनींनी मांडी घातली

सोलापुरात कन्ना चौकातल्या चहाच्या गाड्यावर आम्ही चौघं-पाचजण रोज संध्याकाळी जमतो. परवा अण्णा उशिरा आले. बसले नाहीत. खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि बाळ्याच्या हातात दिला. "वाच बे. छत्तीस टक्के."

कागद म्हणजे वहिनींचा, अण्णांच्या बायकोचा, दिव्यांगत्वाचा दाखला. सवलतींसाठी चाळीस लागतात हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. दोन महिने आमच्या कट्ट्यावर दुसरा विषय नव्हता. चाळीसच्या खाली आलं की एसटीचं पंचाहत्तर टक्के सवलतीचं तिकीट नाही, संजय गांधी योजनेतले दिव्यांगांचे महिन्याचे २५०० रुपये नाहीत. दिव्यांगांचं पिवळं कार्ड चाळीसपासून मिळतं, ऐंशीपासून निळं. वहिनींच्या वाट्याला पांढरं आलं.

तीन वर्षांपूर्वी गाडीची धडक बसून वहिनींच्या उजव्या गुडघ्याची वाटी फुटली. ऑपरेशन झालं, तार घातली, हाड जुळलं, पण गुडघा पूर्वीसारखा वाकला नाही. त्याआधी बावीस वर्षं त्यांनी विड्या वळल्या होत्या. पूर्व भागातल्या घराघरांत बायका बसतात तसंच, जमिनीवर मांडी घालून, पुढ्यात सूप घेऊन. दिवसाला हजार विड्या. आता त्या स्टुलावर बसतात, सूप घसरतं, हजाराच्या निम्म्याही होत नाहीत. म्हणजे वहिनींचा पाय नुसता चालण्यापुरता गेला नाही, पोटापाण्याचाही गेला.

मास्तर निवृत्त शिक्षक. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला आणि म्हणाले, "अण्णा, मला वाईट वाटतं. पण मोजमाप नियमानं झालंय. नियम सैल केला की काय होतं ते बघितलंय आपण. २०२४ ला त्या आयएएस प्रशिक्षणार्थीच्या प्रमाणपत्रावरून देशभर गाजलं होतं. खोटे दाखले घेणारे लोक खऱ्यांच्याच जागा खातात."

"माझी बायको खोटी हाय का मग?" अण्णांचा आवाज चढला. अण्णा मागावर टॉवेल विणतात, मागाच्या खडखडाटात बोलायची सवय, त्यामुळे त्यांचा साधा आवाजही मोठाच असतो. परवाचा तसा नव्हता.

मधे बाळ्या पडला. तो फिजिओथेरपी शिकलाय, पेशंटला रोज चालवतो. शेजारचा पेपर ओढून त्याच्या कडेला तो लिहायला लागला. पायाचं मोजमाप दोन भागांत होतं, तो म्हणाला. पहिला भाग हालचालीचा: सांधा किती अंश वाकतो आणि स्नायूत किती जोर आहे. दुसरा स्थिरतेचा, त्यात नऊ गोष्टी करून दाखवायच्या. सपाट जमिनीवर चालणं, उतारावर चालणं, जिना चढणं, दोन्ही पायांवर उभं राहणं, दुखऱ्या पायावर उभं राहणं, उकिडवं बसणं, मांडी घालून बसणं, गुडघे टेकणं, वळणं. जमलं नाही की प्रत्येकी दहा टक्के. केंद्र सरकारनं हे २०१८ साली ठरवून दिलं आणि मार्च २०२४ मध्ये सुधारून काढलं.

"मग दोन्हीची बेरीज," राजू म्हणाला. राजू रिक्षा चालवतो, हिशोबाला पक्का.

"नाही ना. इथंच लोक फसतात. मोठा आकडा तसाच ठेवायचा. नव्वदातून तो वजा करायचा, जे उरेल त्यानं लहान आकड्याला गुणायचं, नव्वदनं भागायचं आणि मोठ्यात मिळवायचं."

कागदावर आतला हिशोब नव्हता. वहिनींनी घरी जे सांगितलं त्यावरून बाळ्यानं अंदाज बांधला. हालचालीचे वीस धरू. नऊपैकी उकिडवं बसणं आणि गुडघे टेकणं ही दोन जमली नसणार, म्हणजे स्थिरतेचे वीस. वीस आणि वीस, सूत्रानं साडेपस्तीसच्या वर, म्हणजे छत्तीस. मग त्यानं पेन थांबवलं. "आणखी एकच गोष्ट जमली नसती, तर स्थिरतेचे तीस. तीस आणि वीस, सूत्रानं त्रेचाळीस."

सगळे गप्प झाले. छत्तीस आणि त्रेचाळीस यांच्यात एकच गोष्ट होती.

"मांडी," अण्णा हळूच म्हणाले. "मांडी घाला म्हणाले, आणि तिनं घातली."

ती कशी घातली हे राजूनं सांगितलं. तपासणीच्या दिवशी तोच त्यांना रिक्षातून घेऊन गेला होता. सकाळी जिना उतरवेना म्हणून वहिनींनी दुखण्याची गोळी घेतली. रांगेत तीन तास बसल्या. नंबर आला तेव्हा गोळीचा असर होता. मांडी घालून दाखवा म्हटल्यावर त्यांनी ओठ दाबून घातली, दहा मोजेपर्यंत बसल्या, भिंतीला धरून उठल्या. घरी येऊन दोन दिवस त्यांना पाय सरळ करता आला नाही.

"गोळी घ्यायलाच नको होती," राजू म्हणाला. "मी सांगायला पाहिजे होतं."

यावर मास्तर खरोखर चिडले. "म्हणजे नाटक करायचं? तुम्ही असं शिकवायला लागलात तर कुणावर विश्वास ठेवायचा?"

अण्णांनी त्यांच्याकडे बघितलं. "मास्तर, नाटक तर तिनं केलंच की. दुखत नाही असं नाटक केलं. बावीस वर्षं कारखान्यात विड्या मोजून द्यायला गेली तेव्हा असंच केलंय. जमत नाही म्हटलं की दुसऱ्या दिवशी विड्यांसाठी पान मिळत नाही."

मास्तरांकडे यावर उत्तर नव्हतं. त्यांनी ते तोंडावर दिसू दिलं, म्हणून मला मास्तर आवडतात.

माझं म्हणणं मी तेव्हा मांडलं, आणि इथंही तेच मांडतो. तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डानं जे विचारलं ते चुकीचं नाही, अपुरं आहे. "जमतं का" एवढंच विचारलं तर आपल्याकडची बाई हो म्हणते, कारण जमवणं हेच तिनं आयुष्यभर केलंय. खरा प्रश्न असा: परत जमतं का? तासाभरानं जमतं का? आणि जमवल्यावर पुढचे दोन दिवस काय होतं?

माझी भाची इंग्लंडमध्ये नर्स आहे, तिच्याकडून ऐकलेली गोष्ट मी सांगितली. तिथं २०१३ पासून दिव्यांगांना पैसे देण्याची जी योजना आहे, तिच्यात पाय किती अंश वाकतो हे बघत नाहीत, किती अंतर जाता येतं ते बघतात. उभं राहून वीस मीटरपेक्षा जास्त जाता येत नसेल तर पूर्ण बारा गुण. वीस मीटर म्हणजे आमच्या गाड्यापासून समोरच्या औषधाच्या दुकानापर्यंत. पन्नास मीटरपर्यंत जाता येत असेल तर गुण कमी. या वीस मीटरवर तिथले लोकही नाराज आहेत, आणि मला त्यांचं पटतं. वीस मीटरच्या पुढं एकवीसावा मीटर लगेच सोपा होत नाही.

पण त्यांच्या नियमात एक गोष्ट लिहिलेली आहे, ती मला फार मोलाची वाटते. एखादी गोष्ट जमते असं म्हणायचं तर ती सुरक्षितपणे जमली पाहिजे, बऱ्यापैकी नीट जमली पाहिजे, पुन्हा पुन्हा जमली पाहिजे आणि निरोगी माणसाला जास्तीत जास्त लागेल त्याच्या दुप्पट वेळात जमली पाहिजे. आणि वर्षातले अर्ध्याहून जास्त दिवस जसे जातात त्यावर ठरवायचं, एका चांगल्या दिवसावर नाही.

"या मापानं वहिनींची मांडी जमली म्हणता येईल का?" मी विचारलं.

"नाही," बाळ्या म्हणाला. "एकदाही नाही."

मग मला माझे वडील आठवले, आणि मी ते बोललो. ते गिरणीत ब्लोरूमला होते, कापसाची धूळ जिथं सगळ्यात जास्त तिथं. म्हातारपणी पन्नास पावलं टाकली की खांबाला धरून उभे राहायचे. त्यांच्या पायाचे सगळे सांधे ठीक होते. नऊच्या नऊ गोष्टी त्यांनी हळूहळू करून दाखवल्या असत्या. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार आहेत, त्यात फुप्फुस नाही आणि हृदयही नाही. सोलापुरात असे किती म्हातारे खांब धरून उभे राहिले असतील.

बराच वेळ कुणी बोललं नाही. चहावाल्यानं न सांगताच दुसरा चहा दिला.

मास्तरांनीच मग विषय पुढं नेला. "अण्णा, कागदावरची तारीख काय?" तारीख बघितली. "निकाल मान्य नसेल तर ठरलेल्या मुदतीत अपील करता येतं, कायद्यातच आहे ते. अजून दिवस हातात आहेत. अर्ज मी लिहितो. पण अर्जात रडून चालणार नाही. मांडी घातल्यावर पुढं काय झालं, उठायला किती वेळ लागला, रात्री काय झालं, हे तारखेनिशी पाहिजे. तुम्हाला माहीत आहे का हे?"

अण्णा म्हणाले, "मी कधी विचारलंच नाही तिला. ती स्वयंपाक करती, मी जेवतो."

"मग आजपासून विचारा. आणि खोटं एक अक्षर लिहायचं नाही. चांगला दिवस गेला तर चांगला लिहा."

काल संध्याकाळी अण्णा शाळेची वही घेऊन आले. अक्षर त्यांच्या धाकट्या मुलीचं आहे. पहिलं पान मास्तरांनी मोठ्यानं वाचलं.

"सोमवार. आई कारखान्यात गेली. जाताना दोनदा कट्ट्यावर बसली. येताना रिक्षा, तीस रुपये. विड्या चारशे वीस. देवापुढे मांडी घालून बसायला गेली, जमलं नाही, खुर्ची दिली. रात्री गुडघा सुजला. बर्फ लावला. झोप दोनच्या पुढे."