आईच्या टाचा आणि पोप फ्रान्सिस

आज पवित्र गुरुवार; येशूने शेवटच्या भोजनाच्या रात्री आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून चर्चमध्ये बारा जणांचे पाय धुण्याचा दिवस. संध्याकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आटोपून घरी आले, तरी चर्चच्या आवारात ऐकलेले एक वाक्य मनातून जात नाही, म्हणून हे लिहीत आहे. आमच्याच धर्मग्रामातील (पॅरिशमधील) एक शिकलेसवरलेले गृहस्थ चारचौघांत म्हणाले, "पोप फ्रान्सिस माणूस म्हणून चांगले होते, पण त्यांनी पोपपदाची शान घालवली. बायकांचे, कैद्यांचे, परधर्मीयांचे पाय धुण्याची काय गरज होती?" पोप फ्रान्सिस २०२५ साली गेले. मी तिथे काहीच बोलले नाही, कारण माझा हात धरून आई उभी होती. तिला हल्ली कमी ऐकू येते, पण ते वाक्य तिला नेमके ऐकू गेले. तिने मान खाली घालून आपल्या पायांकडे पाहिले.

ते पाय काय आहेत, हे वसईतल्या माझ्या मित्रमैत्रिणींना सांगायला नको. तीस वर्षे ही बाई पहाटेच्या अंधारात सोनचाफ्याचे आणि मोगऱ्याचे गाठोडे घेऊन लोकलने दादरला गेली आणि परत आल्यावर वाडीतल्या चिखलात अनवाणी उभी राहिली. तिच्या टाचांच्या भेगांत मातीच्या काळ्या रेघा कायमच्या बसलेल्या आहेत. २०१६ साली आमच्या फादरांनी तिला सांगितले, "यंदा पाय धुण्याच्या विधीला तुम्ही बसा." त्याच वर्षी जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलला होता. तोपर्यंत विधीच्या पुस्तकात फक्त पुरुषांचा उल्लेख होता. आता स्त्रियांनाही त्या बारा जणांत बसता येणार होते. आई म्हणाली, "फादर, माझे पाय नकोत, कोणा चांगल्या बाईला बसवा."

चांगल्या बाईला! साठ वर्षे ज्या चर्चमध्ये तिने एक रविवार चुकवला नाही, वेदीसाठी आपल्या वाडीतली फुले दिली, तिथे तिला स्वतःचे पाय उघडे करण्याची लाज वाटत होती. ही लाज तिच्यात कोणी भरली? पोपपदाची शान, वेदीची शान, घराण्याची शान असे शब्द उठताबसता वापरणाऱ्यांनीच ना?

मला राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही. १३ मार्च २०१३ रोजी अर्जेंटिनाचे कार्डिनल होर्हे मारिओ बेर्गोग्लिओ पोप झाले आणि सज्जात आल्यावर लोकांना आशीर्वाद देण्याआधी त्यांनी मान झुकवून लोकांनाच आपल्यासाठी प्रार्थना करायला सांगितले. त्यानंतर पंधराच दिवसांनी आलेल्या पवित्र गुरुवारी ते रोमच्या महामंदिराऐवजी कासाल देल मार्मो येथील बालगुन्हेगारांच्या तुरुंगात गेले. तिथे ज्या बारा जणांचे पाय त्यांनी धुतले त्यांत दोन मुली होत्या, आणि त्यांतली एक सर्बियाची मुसलमान मुलगी होती. ज्या रात्रीच्या स्मरणार्थ आपण हा विधी करतो, त्या रात्री प्रभूने कमरेला रुमाल बांधून कोणाचे पाय धुतले, हे त्या गृहस्थांनी एकदा बायबलमधले शुभवर्तमान उघडून पाहावे. त्याला धरून देणारा यहूदाही त्या बारा जणांत होता.

माझी आई शेवटी बसली. आदल्या तीन दिवसांत तिने वजरीने टाचा घासघासून लाल केल्या, कोकमाचे तेल तापवून भेगांत सोडले, तरी काळ्या रेघा गेल्या नाहीत. फादरांनी पाणी घातले तेव्हा तिने पाय मागे ओढला. त्यांनी तो हलकेच पुन्हा पुढे घेतला, भेगेवरून अंगठा फिरवला, पुसला आणि मुका घेतला. मी तिसऱ्या बाकावर होते. आईला रडताना मी वडिलांच्या दफनविधीनंतर त्या दिवशीच पाहिले.

त्याच दिवशी, २४ मार्च २०१६ रोजी, पोप फ्रान्सिस रोमजवळच्या कास्तेलनुओवो दि पोर्तो येथील निर्वासितांच्या केंद्रात होते. ब्रुसेल्समधील बॉम्बस्फोटांना दोनच दिवस झाले होते आणि युरोपात मुसलमान निर्वासितांविरुद्ध संतापाची लाट होती. अशा वेळी त्यांनी माली, सीरिया आणि पाकिस्तानच्या मुसलमानांचे, इरिट्रियाच्या कॉप्टिक (एका प्राचीन ख्रिस्ती पंथाच्या) स्त्रियांचे आणि भारतातून आलेल्या एका हिंदू माणसाचे पाय धुतले. माझ्या आईच्या टाचा आणि त्या अनोळखी भारतीयाचे पाय एकाच दिवशी, एकाच विधीत धुतले गेले, हे मला नंतर कळले, आणि तेव्हापासून पोप म्हटले की मला व्हॅटिकनचा घुमट न आठवता पाण्याचे घमेले आठवते.

त्यांच्या चुका मला ठाऊक आहेत. चिलीत धर्मगुरूंच्या लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्यांवर त्यांनी २०१८ साली आधी विश्वास ठेवला नाही आणि मग माफी मागितली. स्त्रियांना धर्मगुरुपदाचे दार त्यांनीही उघडले नाही. हे मान्य करावेच लागते, आणि दुसरी गोष्ट मला स्त्री म्हणून आजही सलते.

पण वरचे वाचून पाहताना मला त्या गृहस्थांचीही थोडी कीव येऊ लागली आहे. त्यांना भव्यता हवी होती आणि पोप फ्रान्सिस यांनी ती एकेक करून उतरवून ठेवली. पोपचा प्रासाद सोडून ते सांता मार्ता या अतिथिगृहात राहिले आणि लाल बुटांऐवजी साधे काळे बूट वापरत राहिले. एप्रिल २०१९ मध्ये दक्षिण सुदानचे एकमेकांच्या जिवावर उठलेले नेते व्हॅटिकनला आले, तेव्हा ब्याऐंशी वर्षांच्या या माणसाने गुडघ्यांवर बसून त्यांच्या बुटांचे मुके घेतले आणि शांतता राखा म्हणून विनवले. पुढे गुडघ्यांनी साथ सोडली. २०२४ साली रोमच्या रेबिब्बिया तुरुंगातील बारा कैदी स्त्रियांना उंच चौथऱ्यावर बसवावे लागले, कारण पाय धुणारा चाकांच्या खुर्चीत होता. २०२५ साली पवित्र गुरुवारी, रुग्णालयातून येऊन महिनाही झाला नव्हता तरी, ते रेजिना चेली तुरुंगात गेले आणि कैद्यांना म्हणाले की यंदा पाय धुणे जमणार नाही, पण तुमच्याजवळ असावेसे वाटते. चौथ्या दिवशी, २१ एप्रिल २०२५ रोजी, ते गेले. शवपेटीत त्यांच्या पायांत तेच काळे, झिजलेले बूट होते. सांता मारिया माज्जोरे महामंदिरातील त्यांच्या थडग्यावर 'फ्रान्सिस्कुस' एवढा एकच शब्द कोरलेला आहे.

अकरा वाजून गेले आहेत आणि आई अजून जागी आहे. मघाशी तिने विचारले, "पोपचे गुडघे शेवटी फार दुखत होते ना गं?" मी हो म्हटले. ती बराच वेळ गप्प बसली. मग तिने कोकमतेलाची वाटी मागितली आणि पाय माझ्यापुढे केला.