आत्याच्या डब्यातली चौथी गोळी

मंगळवार पेठेत आत्याकडं जेवायला गेलो होतो. हात धुऊन तिनं गोळ्यांचा डबा उघडला. शुगरची एक, बीपीच्या दोन आणि वर आयबुप्रोफेन, म्हणजे दुखण्या-सुजेवरची गोळी. "गुडघा धरलाय का?" तर म्हणाली, "न्हाई रे, इसरायला होऊ नये म्हणून." पाकिटातल्या सहा संपलेल्या. भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलेला मेसेज तिनं पुढं केला: 'सूज उतरवणारी साधी गोळी रोज रात्री घ्या, मेंदूच्या पेशी मरत नाहीत, अल्झायमर होत नाही. शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. स्वस्त आहे म्हणून कंपन्या लपवतात. साइड इफेक्ट शून्य.'

माझं डोकं फिरलं ते त्या 'शून्य'वर. ही गोळी शरीरात प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे दुखणं आणि सूज आणणारं रसायन, तयार होऊ देत नाही, म्हणून दुखणं थांबतं. पण जठराचं अस्तर राखणं, किडनीकडं जाणारं रक्त नीट चालू ठेवणं, ही कामंही प्रोस्टाग्लँडिनचीच. आत्याच्या बीपीच्या गोळ्यांत एक टेल्मिसार्टन, दुसरी लघवीवाटे पाणी काढणारी. त्यांच्या जोडीला ही रोज गेली की किडनी अचानक बसू शकते. त्यात वय बाहत्तर आणि शुगर! शिवाय हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचा धोका पहिल्या काही आठवड्यांतही वाढू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१५ साली दिलाय.

'सिद्ध केलंय'मध्ये अर्धं खरं आहे, ते कबूल करतो. मेंदूतल्या सुजेचा अल्झायमरशी संबंध आहे, आणि २००१ साली नेदरलँड्सच्या रॉटरडॅममध्ये सुमारे सात हजार लोकांच्या पाहणीत, दोन वर्षांहून जास्त अशा गोळ्या घेणाऱ्यांत अल्झायमर बराच कमी दिसला होता. पण ती नुसती पाहणी. प्रत्यक्ष गोळी देऊन बघितलं ते अमेरिकेतल्या 'अ‍ॅडॅप्ट' चाचणीत. सत्तरीपुढचे, घरात अल्झायमर असलेले अडीच हजार लोक. कुणाला नॅप्रॉक्सेन, कुणाला सेलेकॉक्सिब (दोन्ही आयबुप्रोफेनच्याच कुळातल्या), कुणाला नुसती औषध नसलेली खोटी गोळी. हृदयाच्या धोक्याच्या शंकेनं डिसेंबर २००४ मध्ये गोळ्या थांबवल्या. पुढं वर्षानुवर्षं त्या लोकांवर लक्ष ठेवलं, तरी अल्झायमर काही टळला नाही.

आणि कंपन्या लपवतात म्हणे! चाचणीचा पैसा अमेरिकी सरकारचा, नॅप्रॉक्सेन दुकानात मिळणारी स्वस्त गोळी, निकाल जाहीर. लपवलं कुणी?

(हृदयासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेली अ‍ॅस्पिरिन ही गोष्ट वेगळी. ती माझं वाचून बंद करू नका.)

पाकीट मी खिशात घातलं. आत्या फुगली, "मंडळातल्या सगळ्याजणी घेत्यात." म्हणजे हे आता तिथंही वाचून दाखवावं लागणार. आधी उद्या सकाळी तिची क्रिएटिनिनची, म्हणजे किडनी नीट चालतेय का ते सांगणारी रक्ताची तपासणी.