बिशप हवा की नको, यावर कुणी दंगा करतं का?

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा रागच आला. दुसऱ्यांदा वाटलं, निम्मं तरी बरोबर बोलताय. म्हणून दोन ओळींत न आटोपता सविस्तर लिहिते.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. मागच्या लेखात मी १६३७ साली स्कॉटलंडच्या एडिंबरात, राजा चार्ल्सने लादलेल्या नव्या प्रार्थनापुस्तकावरून झालेल्या दंग्याबद्दल लिहिलं होतं. त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. स्टूल फेकणाऱ्या जेनी गेडिसची दंतकथा मी इतिहास म्हणून खपवली. बिशपांचा वाद, म्हणजे चर्च राजाच्या मर्जीतल्या धर्माधिकाऱ्यांनी (बिशपांनी) चालवावं की नाही हा वाद, स्कॉटिश सरदारांनी जमिनी वाचवायला चढवलेला मुखवटा होता, ते मला दिसलं नाही. आणि प्रेस्बिटेरियन मंडळींना, म्हणजे बिशपांऐवजी पाळक आणि ज्येष्ठ सभासदांच्या सभांनी चर्च चालवावं म्हणणाऱ्यांना, ‘गावपंचायत’ म्हणून मी त्यांना फुकटात लोकशाहीचे वारकरी करून टाकलं.

जेनीबद्दल चूक कबूल. २३ जुलै १६३७, रविवार. एडिंबरातल्या सेंट जाइल्स चर्चमध्ये तिथले प्रमुख पाळक (डीन) जेम्स हॅने यांनी नवं पुस्तक उघडून वाचायला घेतलं आणि गलका उसळला. बिशप डेव्हिड लिंडसे लोकांना शांत करायला व्यासपीठावर चढले, तर त्यांच्या दिशेनेही वस्तू आल्या. पुढे बायका होत्या. बसायची स्टुलं त्या घरूनच आणत, त्यामुळे हाताशी तीच होती. एवढं पक्कं आहे. जेनी गेडिस हे नाव मात्र काही दशकांनंतर छापलेलं सापडतं. मी ‘म्हणतात’ हा एक शब्द गाळला आणि तुम्ही नेमकं तिथेच पकडलंत. दंगा उत्स्फूर्त नव्हता, आधी ठरवाठरव झाली असावी, असं बऱ्याच इतिहासकारांचं मत आहे. तेही मी सांगायला हवं होतं.

जमिनीचा मुद्दाही खोटा नाही. सोळाव्या शतकात स्कॉटलंडने कॅथलिक पंथ सोडला, त्या धर्मसुधारणेच्या धामधुमीत चर्चच्या जमिनी आणि दशमांशाचे हक्क सरदारांच्या घशात गेले होते. चार्ल्स पहिला १६२५ साली गादीवर आला आणि त्याच वर्षी त्याने ही जुनी दानं रद्द केल्याचं जाहीर केलं. सगळ्या जमिनी काही त्याने ताब्यात घेतल्या नाहीत, पण सरदारांची झोप उडाली ती उडालीच. वर १६३५ मध्ये आर्चबिशप स्पॉटिसवुड यांना राज्याचं चॅन्सेलरपद, म्हणजे राज्यातलं एक सर्वोच्च पद, दिलं. धर्मसुधारणेनंतर हे पद पाद्र्याकडे पहिल्यांदाच गेलं. मानपानाच्या बाबतीत सरदार मंडळी कशी असतात ते वेगळं सांगायला नको.

पण मग मला सांगा, जमिनीवर घाला आला १६२५ मध्ये आणि स्टूल उडालं १६३७ मध्ये. मधली बारा वर्षं काय झालं? आणि त्या स्टूलवाल्या बायकांच्या नावावर कुठला सातबारा होता?

इथे तुम्ही आणि मी वेगळे होतो. त्या बाईच्या बाजूने बघू. तिच्या गावात प्रभुभोजनाचा रविवार वर्षातून एखाद-दोनदाच येतो. त्याआधी मंडळीचे वडील (म्हणजे चर्चचे ज्येष्ठ सभासद) आणि पाळक तिची परीक्षा घेतात. विश्वासाची कलमं पाठ आहेत का, शेजारणीशी भांडण मिटवलंय का, असं विचारतात. पास झाली की तिच्या हातावर शिशाचा एक छोटा बिल्ला ठेवतात. त्यावर बऱ्याचदा परगण्याची, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीची, आद्याक्षरं, कधी सालही ठोकलेलं असतं. रविवारी तो बिल्ला दिला तरच मेजावर जागा. हो, मेजावरच. लांब मेज मांडायचं, बाकांवर बसायचं आणि भाकर व द्राक्षारस एकमेकांच्या हातात द्यायचा, अशी स्कॉटलंडची रीत होती.

आता १६१८ साली राजा जेम्स, म्हणजे चार्ल्सचा बाप, पर्थच्या सभेत पाच कलमं मंजूर करून घेतो. त्यातलं एक म्हणतं, गुडघे टेकून घ्या. बसणाऱ्याच्या लेखी ही ख्रिस्ताच्या पंगतीतली जागा होती आणि गुडघे टेकणं म्हणजे भाकरीची पूजा. एडिंबरातले कित्येक लोक आपलं चर्च सोडून, पाळक बसू देतो अशा बाहेरच्या परगण्यात चालत जाऊ लागले. चर्चवर सत्ता कुणाची, या प्रश्नाचं उत्तर त्या बाईला स्वतःच्या गुडघ्यांत कळत होतं.

त्यानंतर आलं हे पुस्तक. त्यासाठी ना जनरल असेंब्लीला, म्हणजे चर्चच्या सर्वोच्च सभेला विचारलं, ना पार्लमेंटला. राजाचं फर्मान, बिशपांची अंमलबजावणी. आदल्या वर्षी चर्चचे नवे नियमही असेच वरून टाकले होते.

‘मुखवटा’ म्हणताना आत खरा चेहरा वेगळा होता असं आपण धरून चालतो. त्या काळच्या लोकांना मात्र धर्म आणि राज्यकारभार असे दोन कप्पे ठाऊकच नव्हते, राजाला तर नाहीच. १५९६ मध्ये फॉकलंडच्या राजवाड्यात प्रेस्बिटेरियनांचा पुढारी अँड्र्यू मेलव्हिल याने याच जेम्सची बाही धरून त्याला ‘देवाचा दुबळा चाकर’ म्हटलं. स्कॉटलंडात दोन राजे आणि दोन राज्यं आहेत, आणि ख्रिस्ताच्या राज्यात तुम्ही राजा नसून नुसते सभासद आहात, असं त्याने सुनावलं. जेम्स ते विसरला नाही. इंग्लंडचं सिंहासन मिळाल्यावर १६०४ मध्ये हॅम्प्टन कोर्टच्या धर्मपरिषदेत तो म्हणाला, ‘बिशप नाही तर राजा नाही.’ मेलव्हिलला पुढे चार वर्षं टॉवर ऑफ लंडनमध्ये कैदेत काढावी लागली.

तुमच्या बाजूने एक मुद्दा मीच देते. २८ फेब्रुवारी १६३८ ला ग्रेफ्रायर्स चर्चमध्ये ज्यावर सह्या सुरू झाल्या, त्या राजाच्या धर्मबदलांना विरोध करणाऱ्या राष्ट्रीय करारात ‘बिशप नकोत’ असं सरळ कुठेच लिहिलेलं नाही. अलेक्झांडर हेंडरसन आणि वकील आर्चिबाल्ड जॉन्स्टन यांचा हा मसुदा वाचायला रुक्ष आहे. १५८१ ची जुनी श्रद्धेची कबुली, मग पार्लमेंटच्या कायद्यांची लांबलचक जंत्री, मग शपथ. काठावरच्या लोकांनाही सही करता यावी, अशी ती चतुराई होती. नोव्हेंबरात ग्लासगोला असेंब्ली भरली, राजाचा प्रतिनिधी हॅमिल्टन ती बरखास्त करून निघून गेला, तरी मंडळी उठली नाहीत आणि बिशप बरखास्त करूनच थांबली. डावपेच होते, शंभर टक्के. पण डावपेच करणारा माणूस मनातून खोटाच असतो, हे मला पटत नाही.

‘गावपंचायत’ हा शब्द मागे घेते. सेशनमधले, म्हणजे गावच्या चर्चसभेतले, वडील बहुधा आपले वारस आपणच निवडत, आणि बायकांना तिथे जागा नव्हती. जागा होती ती पश्चात्तापाच्या स्टुलावर. लग्नाबाहेर दिवस गेले तर ओळीने कितीतरी रविवार सगळ्या मंडळीसमोर त्यावर बसायचं. मध्ये परत आलेले बिशप कायमचे गेल्यावर सात वर्षांनी, १६९७ मध्ये, थॉमस एकनहेड या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला ईश्वरनिंदेसाठी फाशी दिली गेली. पाळकांच्या चर्चमध्येही दया तेवढीच पातळ होती.

‘आपल्याला त्या भांडणाचं काय’ असं तुम्ही शेवटी विचारलंत. मुंबईत चौपाटीवरून जाताना विल्सन कॉलेज दिसतं ना? पाळक कुणी नेमायचा, जमीनदाराने की मंडळीने, यावरून १८४३ मध्ये स्कॉटलंडचं चर्च फुटलं आणि साडेचारशेहून जास्त पाळक घर-पगार सोडून बाहेर पडले. ज्यांच्या नावाने ते कॉलेज आहे ते मुंबईचे मिशनरी जॉन विल्सन आणि त्यांचे सहकारीही त्यांच्याबरोबर गेले, आणि संस्थेच्या इमारतीवर पाणी सोडून त्यांना नव्याने सुरुवात करावी लागली.

लेखात आज रात्री ‘म्हणतात’ घालते, ‘पंचायत’ काढते आणि १६२५ चा परिच्छेद जोडते. ‘मुखवटा’ मात्र तुमचा तुमच्याकडेच राहू द्या.