पिवळा साका दिसला की काम संपत नाही

सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. तुमचे दोन आक्षेप आहेत. एक, सिल्व्हर नायट्रेटने पिवळा साका (द्रावणातून वेगळा होऊन खाली बसणारा घन) आला की द्रावणात आयोडाइड असल्याचे सिद्ध होते, मग क्लोरीनचे पाणी आणि स्टार्च हा पसारा कशाला? दोन, पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणात तुम्ही स्टार्च घालून पाहिला, पण रंग बदलला नाही, म्हणून ती चाचणीच बिनभरवशाची.

दुसरा आक्षेप आधी घेतो. रंग आला नाही, हे योग्यच झाले. स्टार्चचा निळा-काळा रंग मोकळ्या आयोडीनचा. नुसत्या आयोडाइडला स्टार्च दाद देत नाही. त्यासाठी आधी आयोडाइडचे ऑक्सिडीकरण करून आयोडीन मोकळे करावे लागते, आणि क्लोरीनचे पाणी नेमके तेच करते. स्टार्च घालताना द्रावण थंड हवे, कारण तापवल्यावर तो रंग उडतो. उलट, काहीच न मिसळता स्टार्चने निळा रंग आला असता, तर मी तुम्हाला बाटली तपासायला सांगितले असते. उघडे राहिलेले आयोडाइडचे द्रावण हवेतल्या ऑक्सिजनमुळे हळूहळू पिवळे पडते, ते आयोडीन सुटल्यामुळेच.

आता साक्याकडे. सिल्व्हर ब्रोमाइडचा साकाही फिकट पिवळा असतो. दोन्ही शेजारी ठेवले तर फरक कळतो, पण एकटी परीक्षानळी हातात असताना डोळा सहज फसतो. सिल्व्हर फॉस्फेटही पिवळेच. ते विरल नायट्रिक आम्लात विरघळते, म्हणून आधी आम्ल घालायचे. ही पायरी गाळून आलेल्या पिवळ्या रंगावर मी विश्वास ठेवणार नाही. पुढची कसोटी अमोनियाची. सिल्व्हर क्लोराइड विरल अमोनियात विरघळते, ब्रोमाइडला संहत अमोनिया लागतो, आयोडाइड मात्र त्यातही जवळजवळ तसेच राहते. त्याचा द्राव्यता गुणाकार (जितका लहान, तितका पदार्थ पाण्यात कमी विरघळतो) सुमारे ८.५ × १०⁻¹⁷ आहे, ब्रोमाइडचा ५ × १०⁻¹³ च्या आसपास.

पण नमुन्यात आयोडाइड आणि ब्रोमाइड दोन्ही एकत्र असतील तर? तिथे साका गोंधळात टाकतो, आणि माझा मुख्य मुद्दा हाच आहे. द्रावण आम्लयुक्त करा, थोडे सायक्लोहेक्झेन (पाण्यात न मिसळता वर तरंगणारा द्रव) घाला, मग क्लोरीनचे पाणी एकेक थेंब टाकून नळी हलवत राहा. आयोडाइडचे ऑक्सिडीकरण ब्रोमाइडपेक्षा सोपे (प्रमाण विभव, म्हणजे इलेक्ट्रॉन ओढून घेण्याच्या ताकदीचे माप, आयोडीनचे ०.५४ व्होल्ट, ब्रोमीनचे १.०७), म्हणून वरचा थर आधी जांभळा होतो. थेंब चालू ठेवले की जांभळा रंग नाहीसा होतो, कारण आयोडीनचे रंगहीन आयोडेट बनते, आणि मग ब्रोमीनचा नारिंगी-तपकिरी रंग चढतो. एकाच नळीत दोघांची ओळख पटते! इथे घाई मात्र घात करते. क्लोरीनचे पाणी एकदम ओतले तर जांभळा टप्पा दिसायच्या आतच निघून जातो, आणि आयोडाइड असूनही ‘नाही’ अशी नोंद होते.

लेड नायट्रेटने येणारा सोनेरी साकाही तुम्ही करून पाहा. गरम पाण्यात विरघळून थंड होताना तो चकाकत्या पत्र्यांसारखा परत येतो. सुंदर दिसतो, पण शिसे विषारी असल्याने ते द्रावण मोरीत ओतू नका, वेगळ्या बाटलीत साठवा.

तुमच्याकडे क्लोरीनचे पाणी नसेल, तर आम्लयुक्त द्रावणात सोडियम नायट्राइटचे थोडे द्रावण वापरा. ते आयोडाइडमधून आयोडीन सोडवते आणि ब्रोमाइडला हात लावत नाही. तपकिरी धूर निघू शकतो, म्हणून हे धूरपेटीतच (धूर बाहेर ओढून घेणाऱ्या बंदिस्त कप्प्यात) करा. त्यानंतर स्टार्च घाला आणि काय दिसते ते कळवा.