वीजबाजारात नाव कसं काढावं

अर्थशास्त्रात पीएचडी झाली, पण विजेचा खांब अजून जवळून पाहिलेला नाही? उत्तम. वीज नियमनाला तुमच्याइतका लायक माणूस शोधून सापडणार नाही. खांबावर चढलेले इंजिनिअर तारा तापतात, फ्रिक्वेन्सी पडते असली रडगाणी गातात. तुमच्या समीकरणात तारच नाही, मग तापणार काय?

सुरुवात आव्हर्च आणि जॉन्सन या अर्थशास्त्रज्ञांपासून करा. भांडवलावर ठरावीक परतावा पदरात पडणार असेल तर कंपनी गरजेपेक्षा जास्त भांडवल ओतते, असं या दोघांनी १९६२ साली मांडलं. एवढ्यावर दहा वर्षं निघतात. कंपनीने नवं वीजकेंद्र मागितलं की म्हणायचं, फुगवलेलं आहे. तिनेच सल्लागार म्हणून बोलावलं की म्हणायचं, दूरदृष्टी आहे.

आल्फ्रेड कान यांचा कित्ता मात्र जपून गिरवा. कॉर्नेल विद्यापीठातले हे प्राध्यापक १९७४ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या सेवा आयोगाचे, म्हणजे तिथले वीजदर ठरवणाऱ्या आयोगाचे, अध्यक्ष झाले आणि वर्गात शिकवलेलं खरोखरच लागू करायला निघाले. वीज पुरवणं ज्या वेळी महाग पडतं, त्या वेळी दरही जास्त. इथवर ठीक. पण पुढे विमान वाहतूक मंडळावर गेल्यावर या गृहस्थांनी कर्मचाऱ्यांना चक्क साध्या भाषेत लिहायला सांगितलं! नंतर अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांच्या सरकारात ‘महामंदी’ हा शब्द तोंडातून गेला म्हणून कानांचेच कान उपटले गेले, तर ते तिला ‘केळं’ म्हणू लागले. तुम्ही असला आगाऊपणा करू नका. ‘दरवाढ’ला ‘खर्चाधारित किंमत-संकेत’ म्हणा. लोकांना कळलं की जनसुनावणी लांबते, आणि तुमचं विमान संध्याकाळचं असतं.

बाजार कोसळला तर? घाबरू नका, खरी कारकीर्द तिथूनच सुरू होते. कॅलिफोर्नियाने घाऊक दर मोकळे सोडले आणि ग्राहकांचे गोठवले. म्हणजे वितरण कंपन्यांनी चढ्या भावाने घ्यायचं आणि उतरत्या भावाने विकायचं. एन्रॉन या वीज-व्यापारी कंपनीच्या दलालांनी आपल्या डावपेचांना ‘फॅट बॉय’, ‘डेथ स्टार’ अशी लाडाची नावं ठेवली. एप्रिल २००१ मध्ये पीजी अँड ई ही तिथली बडी वितरण कंपनी दिवाळखोरीत गेली. अशा वेळी शांतपणे म्हणायचं, ‘हा मुक्त बाजार नव्हताच, सुधारणा अर्धवट राहिली.’ हे बरंचसं खरंही आहे, म्हणून तर ते इतकं सोयीचं.

आणि सुधारणा पुरी झाली की टेक्सास होतं. तिथला सिद्धांत असा, की टंचाईत भाव भिडू द्या, वीजकेंद्रं आपोआप धावून येतील. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत लाखो घरं अंधारात होती आणि भाव मेगावॉट-तासाला (हजार युनिटला) ९,००० डॉलरवर, म्हणजे कमाल मर्यादेवर, नेऊन ठेवला गेला. भारनियमन थांबल्यावरही सुमारे ३२ तास तो तिथेच राहिला. संकेत एकदम स्पष्ट होता. वीजकेंद्रांना गॅस पुरवणाऱ्या गोठलेल्या वायुवाहिनीला तो वाचता आला नाही, हा तिचा दोष.

पुढे ती मर्यादा ५,००० डॉलरवर आणली. पाचच का, सात का नाही, यावर तीन शोधनिबंध आरामात निघतील. ते परिषदेत वाचताना खांबावरून उतरलेला एखादा इंजिनिअर मागच्या रांगेत हात वर करेल. त्याला थोडं थांबायला सांगा. तुमच्या स्लाइड अजून संपायच्या आहेत.