संकरित बियाणं वांझ नसतं

एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय: ‘हायब्रीड बियाणं वांझ असतं, म्हणून दरवर्षी विकत घ्यावं लागतं. हायब्रीड म्हणजेच जीएम. आणि जुनं अस्सल बियाणं जीन बँकांनी तिजोरीत कोंडून ठेवलंय.’

(जीएम म्हणजे प्रयोगशाळेत जनुक बदललेलं, जीन बँक म्हणजे बियाण्यांचे नमुने जपणारं कोठार.) आधी वांझपणाचं बघू. संकरित मक्याच्या कणसात भरलेला दाणा हे पुढच्या पिढीचं बीच असतं. पेरा, उगवेल. गडबड होते ती उगवणीनंतर. दोन शुद्ध वाणांच्या संकरातून आलेली पहिली पिढी एकसारखी आणि जोमदार असते. तिचंच बी पुन्हा पेरलं, की आईबापांचे गुण नव्यानं वाटले जातात: एक ताट उंच, शेजारचं बुटकं, कणसं मागेपुढे तयार होणारी. संकरामुळे आलेला जोमही बराच उतरतो. दरवर्षी नवं बियाणं घ्यावं लागतं ते यासाठी. हा खर्च आणि हे परावलंबन खरं आहे, त्यावर जरूर भांडावं. पण सरळ वाणांचं, म्हणजे ज्यांची पुढची पिढीही तशीच येते अशा संकरित नसलेल्या वाणांचं, घरचं बी राखता येतं, त्यांच्या संशोधनाकडे लक्ष किती, असं विचारावं. वांझपणाची अफवा पुढे केली की समोरच्याला ती खोडून सुटता येतं.

अफवेचं मूळ बहुधा दोन गोष्टींत आहे. एक ‘टर्मिनेटर’ तंत्र, म्हणजे पिकाचं बी पुन्हा उगवूच नये अशी जनुकीय योजना. त्याचं अमेरिकी पेटंट १९९८चं, पण ते बियाणं कधीच बाजारात आलं नाही. दुसरी नरवंध्य, म्हणजे कामाचे पराग न देणारी झाडं. बीजोत्पादनात तुरे खुडायचे कष्ट वाचावेत म्हणून मादी ओळ नरवंध्य घेतात. शेतातल्या पिकात पराग परत यावा याची सोय नर ओळीतून केलेली असते. भीती घालायचीच तर इथली घाला: अमेरिकेत बहुतेक मक्यात एकाच प्रकारची नरवंध्यता आली होती, १९७०मध्ये करप्यानं नेमकी तीच गाठली आणि सुमारे १५ टक्के पीक गेलं.

हायब्रीड म्हणजे जीएम? अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज शल यांनी मक्यातला संकरजोम १९०८मध्ये मांडला. तेव्हा डीएनएची रचनाही कुणाला ठाऊक नव्हती. उलट जीएम सोयाबीन संकरित नसतं. विषय संपला.

राहिली तिजोरी. नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या बीजकोठारात ठेवलेलं बी ठेवणाऱ्याच्याच मालकीचं राहतं. सीरियातल्या युद्धामुळे अलेप्पोजवळची इकार्डा या कोरडवाहू शेतीवरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेची जीन बँक हाताबाहेर गेली, तेव्हा २०१५मध्ये संस्थेनं आपलेच नमुने स्वालबार्डहून परत घेतले, लेबनॉन आणि मोरोक्कोत वाढवले, आणि २०१७मध्ये ताजं बी पुन्हा नेऊन ठेवलं. नुसतं थंडीत ठेवून भागत नाही, उगवणशक्ती उतरते. अधूनमधून पेरावंच लागतं.

आणि हे नमुने कामाला येतात. भातावर ‘ग्रासी स्टंट’ विषाणू आला, तेव्हा फिलिपिन्समधल्या भात संशोधन संस्थेनं सहा हजारांहून जास्त नमुने तपासले. प्रतिकार सापडला तो उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या, ओरायझा निवारा या रानटी भाताच्या एका नमुन्यात. त्याचा जनुक पुढे आयआर-३६ या भाताच्या वाणात आला, आणि आयआर-३६ हा सरळ वाण आहे.